बाळाच्या खोलीतला रेडिएटर

"आईकडे द्या" असं न म्हणता ज्ञानेश्वरी "अप्पा, तुम्हीच बघा ना जरा" म्हणाली, तेव्हा गोरक्षनाथाचा दात घासायचा ब्रश तोंडातच थांबला. लग्न होऊन पोरगी अमेरिकेला गेल्यापासून तिचा फोन यायचा तो सत्यशीलेला, म्हणजे तिच्या आईला. चुकून तो गोरक्षनाथाने उचललाच, तर बापलेकीचं बोलणं ठरलेलं होतं. बरंय का? बरंय. थंडी हाय का? आहे. मग तो फोन तापलेल्या भांड्यासारखा लांब धरून स्वयंपाकघरात नेऊन द्यायचा, आणि तिकडे भाजी कोणती केली इथून जी सुरुवात व्हायची ती चहाचं आधण आटेपर्यंत. यात त्याला काही वाईट वाटत नव्हतं, निदान विचारलं तर तो तसंच सांगायचा. आज मात्र पोरीने खुद्द त्यालाच हाक मारली होती, आणि फोनच्या काचेवर तिच्या तोंडाऐवजी ओतीव लोखंडाचं, बरगड्या-बरगड्यांचं एक धूड भिंतीला पाठ लावून उभं होतं. "हा बाळाच्या खोलीतला रेडिएटर. घरातले बाकीचे सगळे तापतात, हा एकटाच थंडगार. करणने बॉयलर बंद-चालू करून बघितला, काही फरक नाही. म्हटलं, घरात वाफेतला माणूस असताना बाहेर कशाला विचारायचं." वाफेतला माणूस! गोरक्षनाथाने चूळ भरली, ती रोजच्यासारखी जास्वंदीच्या बुडाशी न टाकता स्वतःच्याच पायावर टाकली, आणि नोव्हेंबरातल्या त्या सकाळी पाय गार पडला तरी त्याच्या ते लक्षात आलं नाही.

वाफ हा गोरक्षनाथाचा प्रांत होता. साखर कारखान्याच्या बॉयलरवर हेल्पर म्हणून लागलेला तो फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट होऊन निवृत्त झाला, संगमनेरात घर बांधून राहिला, आणि तेव्हापासून त्याच्या ज्ञानाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. कॉलनीत कुणाच्या कुकरची शिट्टी लांबली की तो कुंपणावरून सल्ला द्यायचा. लग्नाच्या पंगतीत मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण वाकडं असलं की त्याचा घास तोंडात फिरायचा. वाफ वाया जाताना दिसली की त्याला कुणी आपल्या अंगावरचं पांघरूण ओढतंय असं वाटायचं. जिथं फुस्स, तिथं नुस्कान, हे त्याचं ब्रीद होतं, आणि ते त्याने इतक्या लोकांना ऐकवलं होतं की पाठीमागे त्याला फुस्सअप्पा म्हणत. हे त्याला ठाऊक होतं. लोक अडाणी असतात, त्याला तो काय करणार. ज्ञानेश्वरीने बॉस्टनजवळ ते जुनं लाकडी घर घेतलं आणि त्याच्या तळघरात बॉयलर आहे, घर वाफेवर तापतं, असं ती सहज बोलून गेली, तेव्हा त्याला आपल्याच गावचा कुणी परदेशात भेटल्याचा आनंद झाला होता. तळघरात पाणी तापतं, वाफ एकाच नळीतून वर चढते, खोल्या-खोल्यांतल्या लोखंडी बरगड्यांत शिरते, निवून पाणी होते आणि त्याच नळीने गुपचूप खाली येते. साधं काम. फक्त त्या बॉयलरच्या दाबाचा काटा जावयाने दाखवला तेव्हा तो हसत सुटला होता. दीड! आणि तोही किलोंतला नव्हे, पौंडांतला दीड. "एवढ्या दाबात आमच्याकडं शिपायाचा चहासुदिक न्हाई व्हनार, जावईबापू," तो म्हणाला होता, आणि करण बिचारा स्वतःच कमी पडल्यासारखा ओशाळला होता.

"काय म्हनती?" सत्यशीला पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "आगं थांब, कामाचं बोलतोय," गोरक्षनाथ म्हणाला, आणि हे वाक्य म्हणताना त्याला जे सुख झालं ते निवृत्तीच्या दिवशी गळ्यात घातलेल्या हारानेही झालं नव्हतं. त्याने खुर्ची ओढली. चष्मा लावला. पोरीला वाकायचं नाही, ती पोटुशी आहे, म्हणून जावयाला जमिनीवर आडवं घातलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का? आहे. अर्धामुर्धा नको, एक तर उघडा न्हाई तर बंद, त्यात मधला मार्ग न्हाई. पूर्ण उघडा आहे, अप्पा. मग उतार बघा. निवलेलं पाणी परत नळीकडे वाहून आलं पाहिजे, उलटा उतार असला की पाणी आत तुंबतं आणि वाफेला वाट राहत नाही. करणने मोबाईलमध्ये उतार मोजायची सोय आहे असं सांगितलं, ती गोरक्षनाथाने उडवून लावली आणि वर सुपारी ठेवायला सांगितली. त्या घरात सुपारी नव्हती. शेवटी द्राक्ष ठेवलं. द्राक्ष घरंगळत बरोबर व्हॉल्व्हच्या बाजूला आलं आणि जावयाच्या कपाळावर पडलं. उतार चोख होता. "शिट्टी चोंदली आसंल," सत्यशीला पाठीमागून म्हणाली. "कुकर न्हाई तो," गोरक्षनाथ मान न वळवता म्हणाला. बायकांना प्रत्येक गोष्टीत कुकर दिसतो. ज्ञानेश्वरी हसली, आणि हसता हसता म्हणाली, "तुम्ही इथं असतात ना अप्पा, तर एका मिनिटात झालं असतं."

ते वाक्य त्याने दिवसभर चघळलं. बाजारात मेथीची जुडी निवडताना, नाशिक-पुणे रस्ता ओलांडताना हात वर करून टेम्पो थांबवताना, दुपारी आडवं पडल्यावर पंख्याकडे बघताना ते पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. तुम्ही इथं असतात तर. कारण खरी गोष्ट अशी होती की तो तिथं असणार नव्हता. व्हिसा दोघांचाही काढून झाला होता, पण बाळंतपणाला जायचं तिकीट सत्यशीलेचं एकटीचं होतं. ज्ञानेश्वरी गणपतीत म्हणाली होती, "अप्पा, तुम्ही तिकडे घरात बसून कंटाळाल हो, बर्फात कुठे जाणार," आणि तो ताबडतोब म्हणाला होता, "मला कुठं यायचंय? हितं झाडांना पानी कोन घालील?" झाडं म्हणजे एक जास्वंद, एक कडीपत्ता आणि एक तुळस. शेजारच्या कडूबाईने उरलेलं धुण्याचं पाणी भिरकावलं तरी तिन्ही जगली असती. त्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की विमानतळावर पोहोचवायला जाण्याचा विषय निघाला की तो उठून अंगणात जायचा. नातवंडाचं पहिलं रडणं त्याला फोनमधून नको होतं. पण मला यायचंय, हे शब्द त्याने आयुष्यात कधी कुणापुढे काढले नव्हते. कारखान्यात त्याला कुणी तुला यायचंय का असं विचारलंच नाही. भोंगा झाला की जायचं. लग्नाला, मयताला, सासुरवाडीला सगळीकडे तो कामानिमित्तच गेला होता, अगदी गेल्या गेल्या कुणाचा नळ उघडून बघायचा, कुणाच्या मोटारीचा आवाज ऐकायचा. काम नसताना एखाद्या घरी नुसतं जाऊन बसायचं म्हणजे हात कुठं ठेवायचे हेच त्याला कळत नसे. आणि आता देवाने सातासमुद्रापार एक काम काढलं होतं, तेही वाफेचं. हा रेडिएटर फोनवरून दुरुस्त झाला नाही, तर पोरगी आपण होऊन म्हणेल, अप्पा, तुम्हीच या. गोरक्षनाथ पंख्याकडे बघून एकटाच हसला आणि लगेच त्याने स्वतःला दटावलं, कारण ज्या लोखंडाने तापू नये असं तो मनात धरत होता त्याच्या शेजारी बाळाचा पाळणा येणार होता.

तरीही पुढच्या काही सकाळी त्याच्या उमेदीच्या दिवसांसारख्या गेल्या. फोन यायच्या आधीच तो अंघोळ करून, केसांना तेल लावून, कारखान्याच्या काळातला खाकी शर्ट घालून बसायचा. तिकडे संध्याकाळ असायची, जेवणं उरकलेली असायची. तो विचारायचा, ती सांगायची. नळी कुठपर्यंत गरम आहे? व्हॉल्व्हपर्यंत. पुढं? पुढं गार. ठोके ऐकू येतात का, कुणी हातोडी मारल्यासारखे? नाही. बोलता बोलता विषय सरकायचा. ज्ञानेश्वरीने विचारलं, बॉयलर फुटतो म्हणजे काय होतं, आणि त्याने तिला पाण्याची पातळी, ती दाखवणारी काच, रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून खाल्लेल्या हिरव्या मिरच्या, सगळं सांगितलं. तिने विचारलं, तुम्हाला भीती वाटायची का. हा प्रश्न त्याला कुणीच, अगदी सत्यशीलेनेही विचारला नव्हता. "लई वाटायची," तो म्हणाला आणि चपापून पुन्हा दाबाच्या विषयावर आला. दाब वाढवा, त्याने जावयाला हुकूम सोडला. दीडाचा तीन करा, वाफ झक मारत आत शिरंल. करण अदबीने म्हणाला की पुस्तकात लिहिलंय, दाब वाढवायचा नाही. "पुस्तक लिवनाऱ्यानं कधी बॉयलर पेटवलाय का?" गोरक्षनाथ गरजला. पण जावई शांत माणूस, त्याने हो म्हटलं आणि दाबाला हात लावला नाही. मग गोरक्षनाथाने विचारलं, कुठं फुस्स आवाज येतोय का, गळतंय का? अजिबात नाही, ज्ञानेश्वरी म्हणाली, बाकीच्या खोल्यांत तापायच्या आधी फुस्स होतं, इथं एकदम शांत. "मंग सगळ्यांत चांगला रेडिएटर ह्योच!" तो म्हणाला. "थेंबभर वाफ वाया घालवत न्हाई." चांगला आहे पण तापत नाही, ही अडचण त्याच्याही मग ध्यानात आली, पण तोंडातून गेलेलं वाक्य परत कसं घ्यायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी तो मारुतीला गेला. वेशीजवळचा हा मारुती जुना, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेलात कालवलेला शेंदूर त्याला असा काही चोपडला होता की देवाचा नुसता नारिंगी गोळा उरला होता. डोळे चांदीचे, वरून चिकटवलेले, म्हणून तोंड कुठल्या बाजूला ते समजायचं. गोरक्षनाथ हात जोडून उभा राहिला, पण डोक्यात देव नव्हता, वाफ होती. हंगामाच्या सुरुवातीला थंड लाइनीत वाफ सोडायची तर आधी हवा काढावी लागते, हे तो झोपेत सांगू शकला असता. शेवटचा छोटा कॉक उघडायचा, आतली हवा फुसफुसत बाहेर जाऊ द्यायची, आणि मागोमाग वाफ आली की बंद करायचा. हवा बसून राहिली की वाफ दारातच उभी राहते, घरात माणसं दाटीवाटीने बसलेली असली की पाहुणा उंबऱ्यावरच अडतो तशी. म्हणजे त्या घरातल्या प्रत्येक रेडिएटरलाही असा कॉक असणार. कोण उघडतं तो? कुणीच नाही, म्हणजे आपोआप उघडमीट होणारा असणार. बाकीच्या खोल्यांत तापायच्या आधी फुस्स होतं ते हेच. नुस्कान नव्हतं ते, हवा जात होती. आणि बाळाच्या खोलीत फुस्स होत नाही, म्हणजे तो कॉक चोंदलाय. सत्यशीला म्हणाली होती तसा, शिट्टी चोंदावी तसा. आपोआप चालणारं नाजूक यंत्र असं एकाएकी कशाने चोंदेल? त्याने समोर पाहिलं. मारुतीला नाक नव्हतं. नाक होतं, आत कुठंतरी होतं, पण नाकपुड्या केव्हाच बुजून गेल्या होत्या. गोरक्षनाथाच्या जोडलेल्या हातांना घाम सुटला.

दसरा. कारखान्यात दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन, म्हणजे हंगामाची पहिली पेटवणी, असायचं. मांडव, चेअरमनसाहेब सपत्नीक, भटजी, आणि बॉयलरला हळदीकुंकवाची पाचपाच बोटं. तो मान साहेबांचा. पण कालवलेलं हळदकुंकू हातात धरून मागे उभा असायचा गोरक्षनाथ. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लोखंड तापलं की पापुद्रा होऊन गळून पडतं, हंगामाच्या पहिल्याच दिवशी अपशकुन दिसतो, म्हणून त्याने स्वतःच्या अकलेने ते तुपात घट्ट मळायची पद्धत पाडली होती. ते वर्षभर जात नसे. या दसऱ्याला ज्ञानेश्वरीने सहज सांगितलं की इथंही आता थंडी सुरू झाली, आज पहिल्यांदा बॉयलर पेटवणार. तिकडचाही हंगाम दसऱ्याला! गोरक्षनाथाला भरून आलं. त्याने सत्यशीलेच्या हातून फोन घेतला, जो तो सहसा द्यायचा, आणि सगळी पूजा सांगितली. तुपात मळ. घट्ट मळ. बॉयलरला पाच बोटं ओढ, मग एकेका रेडिएटरला टिळा. पोरगी हसत होती पण करत होती. बाकीच्या रेडिएटरना तिने बरगडीवर कुठंतरी बोट टेकवलं. बाळाच्या खोलीत मात्र तिने विचारलं, अप्पा, याचं कपाळ कोणतं? आणि त्याने डोळे बारीक करून, काचेवर नाक टेकवून बघितलं होतं. "ते कडंला बारकं चांदीचं दिसतंय ना, पिंडीसारखं? त्येच्या डोक्यावर लाव. अन् हितं जरा जास्त लाव. बाळाची खोली हाय." जरा जास्त! त्याला ते चांदीचं टोपण आता लख्ख दिसलं. त्याच्या डोक्यावर टाचणीएवढं भोक असणार, आणि त्या भोकावर आपल्या आशीर्वादाचा लपका. तूप वितळून आत उतरलं असणार आणि हळद विटेसारखी भाजून बसली असणार. ज्या पोराने अजून जगात डोळे उघडले नाहीत त्याच्या खोलीचं नाक आजोबांनी बुजवलं होतं, तेही तुपात मळून.

दुसऱ्या सकाळी त्याने सांगितलं नाही. सांगायचं ठरवून तो खुर्चीत बसला होता, खाकी शर्टाचं वरचं बटणही लावलं होतं, पण ज्ञानेश्वरी "आजही गारच आहे, अप्पा, आता काय बघायचं?" म्हणाली आणि त्याचं तोंड दुसरंच बोलू लागलं. नळीला वेगळं काही गुंडाळलंय का. तळघरातून येताना ती कुठं वाकते. आता फक्त थोडंच ताणायचं होतं. अजून एखादा दिवस कारण सापडलं नाही, की ती म्हणेलच. शिवाय सांगणार तरी काय? वाफेतल्या माणसाने वाफेचीच वाट हळदीकुंकवाने बुजवली म्हणून? जावई वर तोंड करून हसेल. तो हसणारा माणूस नव्हता, हे गोरक्षनाथाला माहीत होतं, आणि त्यामुळे तर ते आणखीच वाईट होतं. फोन झाल्यावर सत्यशीला जवळ आली. ती डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं किसत होती. "पोरगी बिनबाह्यांच्या कपड्यात बसलीय," ती म्हणाली, "अन् तुमी म्हनता खोली गार हाय." "तिकडच्या लोकान्ला सवय आसती," तो म्हणाला. सत्यशीलेने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग कपाटातून जुनी मऊ लुगडी काढली. बाळाची एक वाकळ शिवून झाली होती, खोली गार आहे ना, असं म्हणत ती आता दुसरी, जाड, शिवायला बसली. सुई लुगड्यात जाताना आवाज होत नव्हता, पण गोरक्षनाथाला प्रत्येक टाका ऐकू येत होता. तो उठून जास्वंदीला पाणी घालून आला. परत आला तरी ती शिवतच होती. तो पुन्हा गेला आणि तेच पाणी पुन्हा घालून आला. स्वतःच्या नातवाला थंडीत ठेवून त्याच्याकडे जाऊ बघणारा आजा, असं त्याने स्वतःला मनात म्हणून पाहिलं. ऐकायला ते फार वाईट लागलं, म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी फोन आला तेव्हा तो उभाच होता. ज्ञानेश्वरी त्याच खोलीत, त्याच लोखंडाशेजारी बसली होती, केस वर बांधलेले, कपाळावर घामाचे दोन बारीक थेंब. "अप्पा, आम्ही ठरवलंय," ती म्हणाली, "ही खोली राहू दे. पाळणा बाहेर हॉलमध्येच ठेवतो. तुम्ही काळजी करू नका."

"हलवू नगं पाळना," गोरक्षनाथ म्हणाला. त्याचा आवाज कारखान्यातल्यासारखा मोठा निघाला आणि स्वयंपाकघरातलं भांडं थांबलं. "ऐक. त्या चांदीच्या टोपनाला भोक आसतंय, हवा जायला. हवा गेली न्हाई तर वाफ येत न्हाई. ते भोक बुजलंय. तुपानं. म्हंजी हळदीकुंकवानं. म्हंजी दसऱ्याला मी लावाय सांगितलं ना, ते." त्याने श्वास घेतला. "मला शनिवारपासून ठाव हाय. शनिवारीच सांगायचं हुतं."

ज्ञानेश्वरीने फोन तिरका केला, हात लांब केला आणि रेडिएटरवर ठेवला, आणि चटकन उचलून फुंकर मारली. "चटका बसतो, अप्पा," ती म्हणाली. "करणने ते टोपण काढून व्हिनेगरमध्ये उकळलं. तुम्ही दाब वाढवा म्हणालात ना, त्याच दिवशी. आतून अशी पिवळीधमक चिखलवडी निघाली. लगेच तापायला लागलं."

त्याच दिवशी! गोरक्षनाथाला आधी राग आला, आणि तो त्याला बरा वाटला, कारण रागात काय बोलायचं हे त्याला येत होतं. "मंग मला रोज सकाळी कशाला बशिवलंस? मी हितं मारुतीपुढं घाम गाळतोय, तुजी आय दुसरी वाकळ शिवतीय, अन् तू तिकडं शेकत बसलीस व्हय? आजही गार हाय, आजही गार हाय! बापाशी खोटं बोलतीस?"

"बोलले," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती हसत होती, पण हसण्यात पाणी होतं. "तुम्ही बोलत होता ना, अप्पा. इतकं कधी बोललात माझ्याशी? मिरच्या खाऊन जागायचात, हे मला आत्ता कळलं. रेडिएटर तापला असं सांगितलं असतं तर तुम्ही शाब्बास म्हणाला असतात आणि फोन आईकडे दिला असतात. पण तुमची काळजी बघवेना, म्हणून आज पाळणा हलवायचं काढलं."

हे खरं होतं. शाब्बासही म्हटलं असतं की नाही, शंकाच होती. गोरक्षनाथाने मान फिरवली. स्वयंपाकघराच्या दारात सत्यशीला उभी होती, आणि तिच्या तोंडावरून तिलाही हे सगळं आधीच माहीत होतं हे स्पष्ट दिसत होतं. बायका एकमेकींना काय काय सांगतात आणि काय काय सांगत नाहीत, याचा कुणाला पत्ता लागला आहे. राग आला तसा निघून गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. नुसती उघडी जागा राहिली, आणि त्या जागेत तो उभा होता. आता विचारायला काही उरलं नव्हतं. नळी ठीक, उतार ठीक, व्हॉल्व्ह ठीक. शेवटचा एक धागा म्हणून त्याने म्हणून पाहिलं, "तरी पन... बॉयलर जुना हाय. हिवाळाभर कुनीतरी जानतं मानूस लक्ष ठिवाया पायजे."

"बॉयलर ठीक आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने फोन दोन्ही हातांत धरला, आणि आता काचेवर लोखंड नव्हतं, फक्त तिचं तोंड होतं, आईसारखं रुंद, त्याच्यासारख्या जाड भुवयांचं. "सगळं ठीक आहे, अप्पा. नळ गळत नाही, दार वाजत नाही, करण सगळं बघतो. इथे तुमच्यासाठी काहीसुद्धा काम नाही. अगदी काही नाही." तिने फोन आणखी जवळ घेतला. "तरी यायचंय का तुम्हाला?"

गोरक्षनाथ कारण शोधू लागला. त्या घराला जिना होता, जिन्याची पायरी हलत असेल. बर्फ उपसावा लागत असेल. आईला एकटीला विमान बदलायला जमणार नाही. एकेक कारण हाताशी यायचं आणि तो ते खाली ठेवायचा, कारण पोरगी बघत होती आणि तिला कारण नको होतं. त्याचे कान तापले. साठी उलटून गेलेल्या माणसाला कुणी भर सकाळी, बायकोच्या देखत, असं काही विचारतं का? पण विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की त्याला वाटलं पोचला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "यायचंय मला. लई दिसांपासनं यायचंय."

पलीकडे फोन कुठंतरी उताणा पडला असावा, कारण काचेवर फक्त त्या खोलीचं छत राहिलं, आणि लांबून ज्ञानेश्वरीचा आवाज ऐकू आला, "करण, अरे, अप्पा येतायत!" सत्यशीला जवळ येऊन त्याच्या खांद्यावरून डोकावली आणि काय दिसतंय म्हणून विचारू लागली. छत पांढरंशुभ्र होतं. कुठं ओल नाही, भेग नाही, पोपडा नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, तरी गोरक्षनाथ त्याच्याकडे बघत उभा राहिला.